निवाऱ्यातील करोना : दारात ताप मोजून धोका कळत नाही

प्रश्न थोडक्यात असा आहे. महापालिकेचा एक बेघर निवारा एक स्वयंसेवी संस्था चालवते. रात्री चाळीसच्या आसपास पुरुष एकाच सभागृहात झोपतात. एक व्यवस्थापक, पाळीने येणारे काळजीवाहक आणि एक सफाई कर्मचारी एवढाच कर्मचारीवर्ग आहे. पुढच्या साथीसाठी लेखी कार्यपद्धती तयार करताना व्यवस्थापकांनी तीन गोष्टी विचारल्या आहेत : करोनाचा धोका राहणाऱ्यांना जास्त की कर्मचाऱ्यांना, दारात ताप मोजून आत घेण्याची २०२० मधली पद्धत पुन्हा ठेवावी का, आणि कर्मचाऱ्यांच्या चाचण्या किती दिवसांनी कराव्यात. सार्वजनिक आरोग्य क्षेत्रातला डॉक्टर म्हणून निवाऱ्यांची पाहणी करणे हा माझ्या कामाचा भाग राहिला आहे, त्यामुळे उत्तर जरा विस्ताराने देतो.

दुसऱ्या प्रश्नापासून सुरुवात करणे सोयीचे आहे, कारण त्याचे उत्तर सर्वांत स्पष्ट आहे. २०२०च्या मार्चअखेरीस अमेरिकेतील बॉस्टन शहराच्या एका मोठ्या निवाऱ्यात लक्षणांवरून तपासणी चालू होती आणि तिच्यातून पाच दिवसांत १५ बाधित सापडले. तेवढ्यावर न थांबता तिथल्या डॉक्टरांनी २ आणि ३ एप्रिलला निवाऱ्यातल्या सर्वांचीच आरटी-पीसीआर चाचणी केली. ४०८ जणांपैकी १४७ जण, म्हणजे ३६ टक्के, बाधित निघाले. या १४७ जणांत खोकला असलेले साडेसात टक्के होते, दम लागणारे दीड टक्क्याहून कमी होते, आणि ताप असलेले एक टक्काही नव्हते. त्या दिवशी दारात थर्मल गन घेऊन कोणी उभे राहिले असते, तर दीडशेच्या आसपास बाधितांपैकी जेमतेम एकाला त्याने अडवले असते आणि उरलेले सगळे नियमाप्रमाणे तपासून, नोंदवहीत नाव लिहून, आत जाऊन झोपले असते.

याची कारणे शरीरशास्त्रात आहेत, तशी उपकरणातही आहेत. हा विषाणू लक्षणे दिसण्याच्या एक-दोन दिवस आधीपासून पसरू लागतो आणि अनेकांना लक्षणे जाणवतच नाहीत. थर्मल गन कपाळाच्या त्वचेचे तापमान मोजते, शरीराच्या आतले नव्हे. त्यामुळे थंडीत रात्री उशिरा फुटपाथवरून चालत आलेल्या माणसाचे कपाळ गार लागते आणि मे महिन्यात दिवसभर हातगाडी ओढून आलेल्याचे विनाकारण तापलेले दिसते. मात्र सर्वांत मोठे कारण या दोहोंपेक्षा वेगळे आहे. ताप निघाला तर आजची रात्र बाहेर काढावी लागेल हे ज्याला ठाऊक आहे, तो दाराशी येण्याआधी पॅरासिटामॉलची गोळी घेतो, खोकला दाबतो आणि विचारल्यावर ‘काही नाही साहेब’ म्हणतो. लक्षण सांगण्याची शिक्षा म्हणून गादी जाणार असेल, तर लक्षणे कोणीही सांगणार नाही. त्यामुळे दारात विचारपूस जरूर ठेवावी, परंतु ‘ताप असल्यास प्रवेश नाही’ हे वाक्य कार्यपद्धतीतून काढून त्या जागी ‘ताप किंवा खोकला असल्यास वेगळ्या खोलीत गादी आणि त्याच रात्री चाचणी’ असे लिहावे.

आता धोका कोणाला जास्त, याविषयी. यातील ‘धोका’ म्हणजे संसर्ग होण्याचा की जिवावर बेतण्याचा, हे आधी वेगळे केले पाहिजे, कारण दोन्हींची उत्तरे वेगळी येतात. २७ मार्च ते १५ एप्रिल २०२० या काळात अमेरिकेतील चार शहरांतल्या १९ निवाऱ्यांमध्ये ११९२ निवासी आणि ३१३ कर्मचारी यांची चाचणी झाली. ज्या निवाऱ्यांत आधीच अनेक रुग्ण सापडले होते, तिथे बॉस्टनमध्ये ३६ टक्के निवासी आणि ३० टक्के कर्मचारी बाधित होते. सिअॅटलमध्ये दोन्ही गटांत १७-१७ टक्के होते. सॅन फ्रान्सिस्कोत मात्र निवासी ६६ टक्के आणि कर्मचारी १६ टक्के होते. अटलांटातल्या ज्या दोन निवाऱ्यांत तोवर एकही रुग्ण आढळला नव्हता, तिथे हे प्रमाण अनुक्रमे ४ आणि २ टक्के निघाले.

हे आकडे एकमेकांशेजारी ठेवले की दोन गोष्टी दिसतात. पहिली, निवाऱ्यात साथ शिरली की कर्मचारी तिच्याबाहेर राहत नाहीत. बॉस्टन आणि सिअॅटलमध्ये त्यांचे प्रमाण निवाशांच्या जवळपास आहे. टेबलामागे बसून नोंदी करणारा, जेवण वाढणारा आणि रात्री भांडण सोडवायला दोघांच्या मध्ये उभा राहणारा माणूस तीच हवा श्वासात घेतो. दुसरी गोष्ट सॅन फ्रान्सिस्कोतल्या तफावतीची. माझ्या मते तिचे कारण झोपण्यात आहे : निवासी सात-आठ तास एका छताखाली सलग झोपतात, कर्मचाऱ्यांची पाळी संपते आणि ते घरी जातात. हा माझा अर्थ आहे, त्या अहवालाचा निष्कर्ष नव्हे. परंतु आपल्याकडे हा फरक पुष्कळदा उरतच नाही. रात्रपाळीचा काळजीवाहक त्याच सभागृहाच्या कोपऱ्यात चटई टाकून आडवा होतो आणि कित्येक ठिकाणी तो स्वतःच दुसरे घर नसलेला, पूर्वी तिथेच राहिलेला माणूस असतो. अशा कर्मचाऱ्याचा धोका निवाशाइतकाच धरला पाहिजे.

कर्मचाऱ्यांच्या बाबतीत आणखी एक बाजू आहे. सिअॅटल ज्या किंग काउंटीत येते, तिथल्या तीन संलग्न निवाऱ्यांची हकीगत या दृष्टीने वाचण्यासारखी आहे. ३० मार्च २०२० रोजी पहिल्या निवाऱ्यातील एक रुग्ण आरोग्य विभागाला कळला. त्या निवाऱ्यात दिवसा चालणारे सेवा केंद्र होते आणि उरलेल्या दोन निवाऱ्यांतले लोकही तिथे येत असत. ३० मार्च ते १ एप्रिलदरम्यान तिन्ही ठिकाणच्या १८१ जणांची चाचणी झाली आणि १९ जण बाधित आढळले. लगेच विलगीकरण झाले, मास्क वाटले गेले, स्वच्छतेचे नियम कडक झाले. आठवड्याने, ७ आणि ८ एप्रिलला, पहिल्या फेरीत बाधित न निघालेल्या किंवा राहून गेलेल्या ११८ जणांची चाचणी केली तेव्हा आणखी १८ बाधित निघाले. या दोन फेऱ्यांखेरीज सापडलेले रुग्ण धरून शेवटी ही बेरीज १९५ पैकी ३५ निवासी आणि ३८ पैकी ८ कर्मचारी अशी झाली. म्हणजे १८ टक्के आणि २१ टक्के. रात्रीचे तीन निवारे वेगळे होते, पण दिवसाची जागा एक होती, आणि विषाणूच्या दृष्टीने तेवढे पुरेसे होते. आपल्या संस्थेकडे दोन-तीन निवारे असतील आणि रजेच्या दिवशी एकीकडचा काळजीवाहक दुसरीकडे पाठवला जात असेल, तर तो माणूस असाच दुवा ठरतो. साथीच्या काळात कर्मचाऱ्यांची अशी अदलाबदल बंद ठेवणे हा बिनखर्चाचा आणि फार उपयोगी उपाय आहे.

जिवावर बेतण्याचा धोका मात्र निवाशांना निःसंशय जास्त आहे. कॅनडातील ओंटारिओ प्रांताच्या आरोग्य नोंदींवर झालेल्या अभ्यासात, नजीकच्या काळात बेघर राहिलेल्या व्यक्तींना करोनामुळे रुग्णालयात दाखल करावे लागण्याची शक्यता इतर नागरिकांच्या वीस पटींहून अधिक, अतिदक्षता विभागात जाण्याची दहा पटींहून अधिक आणि चाचणी बाधित आल्यापासून २१ दिवसांत मृत्यू होण्याची पाच पटींहून अधिक आढळली. रुग्णालयात दाखल होण्याच्या आकड्यात थोडा भाग असाही असणार की घर नसलेल्या रुग्णाला ‘घरी विश्रांती घ्या’ असे सांगता येत नाही. तरीही मृत्यूचा आकडा पुरेसा बोलका आहे. वर्षानुवर्षे रस्त्यावर काढलेल्या पन्नाशीच्या माणसाचे शरीर साठी-पासष्टीचे झालेले असते. त्यात विडी, दारू, औषधाविना राहिलेला मधुमेह आणि आपल्याकडे विशेषतः क्षयरोग यांची भर पडते. जाता जाता एवढे सांगतो की, दोन आठवड्यांहून जास्त खोकला असलेल्या निवाशाची करोना चाचणी नकारात्मक आली म्हणून त्याला सोडून देऊ नये. त्याच दिवशी थुंकीचा नमुना क्षयरोगासाठीही द्यावा. हवेतून पसरणाऱ्या या दोन्ही आजारांना निवाऱ्याचे सभागृह सारखेच मानवते.

सभागृहाचा मुद्दा आला आहे तर तो पुरता पाहू, कारण माझ्या दृष्टीने साऱ्या उत्तराचा गाभा तोच आहे. २०२०च्या जून-जुलैमध्ये पॅरिस आणि परिसरात बेघर व अतिवंचित अशा ८१८ जणांची प्रतिपिंडांसाठी (रक्तातल्या अँटिबॉडींसाठी) तपासणी झाली. त्यांपैकी ५२ टक्के लोकांना आधी संसर्ग होऊन गेलेला होता आणि अशा बहुसंख्य लोकांना कोणतीही लक्षणे आठवत नव्हती. जागेनुसार पाहिले तर अन्नवाटपाच्या ठिकाणी भेटलेल्यांत हे प्रमाण २८ टक्के, तात्पुरत्या निवाऱ्यांत ५० टक्के आणि कामगारांच्या वसतिगृहांत तब्बल ८९ टक्के होते. ज्यांच्या डोक्यावर त्यातल्या त्यात पक्के छप्पर होते, त्यांनाच संसर्ग सर्वांत जास्त झाला होता, आणि त्याचा सर्वांत ठळक संबंध एका खोलीत किती माणसे राहतात, स्वयंपाकघर व न्हाणीघर कितीजण वापरतात याच्याशी होता. सिअॅटलच्या १४ निवाऱ्यांत जानेवारी ते एप्रिल २०२० मध्ये झालेल्या पाहणीतही बाधित आढळलेल्यांपैकी ८६ टक्के लोक सामायिक सभागृहात झोपणारे होते. मुंबईत त्याच वर्षी जुलैमध्ये तीन प्रभागांत झालेल्या सर्वेक्षणात झोपडपट्टीत ५७ टक्के आणि इतरत्र १६ टक्के लोकांमध्ये प्रतिपिंडे सापडली होती. शहर तेच, प्रभाग तेच. फरक होता तो राहण्याच्या दाटीत.

शहरी बेघरांसाठीच्या केंद्रीय योजनेत प्रत्येक व्यक्तीमागे पन्नास चौरस फूट जागा असावी असे निकष सांगतात. चाळीस माणसांसाठी ही जागा दोन हजार चौरस फूट होते. आपले सभागृह प्रथम टेपने मोजून घ्यावे. ते बाराशे चौरस फूट भरले, तर साथीच्या काळात तिथे चोवीसच माणसे झोपू शकतील आणि उरलेल्या सोळांसाठी महापालिकेकडे शाळा, समाजमंदिर किंवा मंगल कार्यालय आताच मागून ठेवावे लागेल. साथ आल्यावर मागितलेली जागा वेळेवर मिळत नाही. गाद्यांमध्ये सहा फुटांचे अंतर जमत नसेल तर निदान एकाच्या डोक्याकडे दुसऱ्याचे पाय येतील अशी मांडणी करावी. त्यामुळे दोन तोंडांमधले अंतर फुकटात वाढते.

हवेचे काम याहून कठीण आहे. पाहणीसाठी दुपारी गेले की निवाऱ्याच्या सगळ्या खिडक्या उघड्या असतात आणि तपासणीच्या अर्जावर ‘वायुवीजन समाधानकारक’ असे लिहिले जाते. रात्री अकराला तिथेच जावे. डासांमुळे खिडक्या लावलेल्या असतात, रस्त्याकडच्या खिडकीतून काठीने कपडे ओढून नेतात म्हणून ती कायमची बांधलेली असते, कासव छापाच्या उदबत्तीचा धूर खाली साचलेला असतो आणि वर पंखे गरगरत असतात. छताचा पंखा हवा फिरवतो, बदलत नाही. एकाच्या श्वासातून निघालेले कण तो उलट सर्वांकडे पोहोचवतो. त्यामुळे ‘खिडक्या उघड्या ठेवाव्यात’ असा नियम लिहून काही होत नाही. आधी प्रत्येक खिडकीला डासांची जाळी आणि गज बसवले, तरच त्या रात्री उघड्या राहतील. माझ्या अनुभवात जाळ्यांचा हा खर्च निवाऱ्याच्या अंदाजपत्रकात सर्वांत आधी कापला जातो, आणि सॅनिटायझरची खरेदी कधीच कापली जात नाही.

त्यापुढची पायरी एक्झॉस्ट पंख्यांची आहे. अमेरिकेच्या रोग नियंत्रण केंद्राने मे २०२३ पासून वापरातल्या बंदिस्त जागेत ताशी पाच वेळा किंवा अधिक स्वच्छ हवा बदलली जावी असे उद्दिष्ट सुचवले आहे. दोन हजार चौरस फुटांचे, दहा फूट उंचीचे सभागृह म्हणजे वीस हजार घनफूट हवा. ती तासाला पाचदा बदलायची तर एक लाख घनफूट, म्हणजे साधारण २८०० घनमीटर हवा दर तासाला बाहेर गेली पाहिजे. पंख्याच्या खोक्यावर त्याची क्षमता लिहिलेली असते. जाळी, धूळ आणि जुनी वायरिंग धरून तिच्यापेक्षा बरेच कमी मिळेल असे समजून पंख्यांची संख्या ठरवावी. पंखे एका भिंतीला आणि हवा आत येण्याची वाट समोरच्या भिंतीला हवी. ही वाट नसेल तर पंखा संडासाच्या बोळातूनच हवा ओढतो, मग दुर्गंधीमुळे कोणीतरी तो बंद करतो आणि तो पुढे कायमचा बंद राहतो.

मास्कबद्दल थोडक्यात सांगतो. जागेपणी, विशेषतः नोंदणी आणि जेवणाच्या रांगेत, मास्कचा उपयोग आहे. आजारी निवाशाजवळ जाणाऱ्या आणि रात्रीची फेरी मारणाऱ्या कर्मचाऱ्याला एन-९५ द्यावाच. पण झोपेत मास्क कोणी लावत नाही, आणि निवाऱ्यातला सर्वांत लांब सहवास झोपेतलाच आहे. जंतुनाशकाच्या फवारणीवर मात्र वेळ घालवू नये. मार्च २०२० मध्ये बरेली येथे गावी परतणाऱ्या मजुरांवर रसायन फवारल्याचे सर्वांनी पाहिले. त्यानंतर १८ एप्रिलला केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने माणसांवर फवारणी करू नये, ती अपायकारक आहे, असे स्पष्ट केले. फरशी आणि संडास रोजच्यासारखे साबणाने व ब्लीचने धुणे पुरेसे आहे.

चाचण्यांविषयी. शहरात साथ नसताना लक्षणे नसलेल्या कर्मचाऱ्यांच्या नियमित चाचण्या करण्याची गरज मला वाटत नाही. तो पैसा जाळ्या आणि पंख्यांवर घालावा. शहरात रुग्ण वाढू लागले की कर्मचाऱ्यांची आठवड्यातून दोनदा अँटिजेन चाचणी करावी. निवाऱ्यात एक जरी रुग्ण सापडला तरी त्याच्या शेजारच्या दोन गाद्यांवर न थांबता सर्व निवासी आणि सर्व कर्मचारी, अगदी सफाई कर्मचारी आणि जेवण घेऊन येणारा माणूससुद्धा, त्याच किंवा दुसऱ्या दिवशी तपासावेत. नकारात्मक आलेल्यांची आठवड्याच्या आत पुन्हा चाचणी करावी. किंग काउंटीत दुसऱ्या फेरीतले अठरा जण पहिल्या फेरीनंतर ‘सुटलो’ असे समजून चालले असते, तर काय झाले असते याचा अंदाज आपण करू शकता. लक्षणे असताना अँटिजेन चाचणी नकारात्मक आली, तर तिच्यावर भरवसा न ठेवता ४८ तासांनी ती पुन्हा करावी. येथे अपेक्षाही माफक ठेवावी. अमेरिकेतील निवाऱ्यांच्या प्रत्यक्ष साथींवर बेतलेल्या गणिती प्रतिमानांनी (मॉडेलनी) दाखवले की रोजची लक्षण-तपासणी, आठवड्यातून दोनदा चाचणी आणि सर्वांना मास्क हे सगळे एकत्र केले तरी दाटीच्या निवाऱ्यात साथ टळेलच असे नाही. चाचणीमुळे साथ लवकर कळते, पण तिला शिरायला जागा दाटीच देते.

म्हणूनच इंग्लंडने मार्च २०२० मध्ये उचललेले पाऊल मला सर्वांत शहाणपणाचे वाटते. रस्त्यावर आणि सामायिक निवाऱ्यांत झोपणाऱ्यांना तिथे रिकाम्या पडलेल्या हॉटेलांतल्या स्वतंत्र खोल्या देण्यात आल्या आणि सामायिक झोपण्याच्या जागा बंद झाल्या. या उपायांनी पहिल्या लाटेत बेघरांमधले सुमारे २६६ मृत्यू टळले असावेत असा नंतरच्या एका प्रतिमानाचा अंदाज आहे. आपल्याकडे चाळीस जणांना चाळीस खोल्या मिळणार नाहीत हे मी जाणतो. पण स्वतंत्र दार आणि स्वतंत्र संडास असलेल्या दोन खोल्या, सामानाची कोठी रिकामी करून का होईना, प्रत्येक निवाऱ्यात निघू शकतात. तिथे ठेवलेल्या माणसाला जेवण, मोबाइल चार्जिंग आणि बुडालेल्या मजुरीच्या बदल्यात काही रक्कम मिळाली नाही, तर तो दुसऱ्या दिवशी पहाटे नाक्यावर कामाला जाईल आणि त्याला दोष देता येणार नाही.

हेच कर्मचाऱ्यांनाही लागू आहे. कंत्राटी काळजीवाहकाची आजारपणात हजेरी तुटते आणि महिन्याच्या मानधनातून तितके दिवस जातात. मग तो अंगात कणकण असतानाही पाळीवर येतो. कार्यपद्धतीत ‘आजारी कर्मचाऱ्याने कामावर येऊ नये’ एवढेच लिहिले आणि त्या दिवसांच्या पैशांचा उल्लेख केला नाही, तर ते वाक्य वाया गेले असे समजावे. लसीकरणाच्या याद्यांतही असा माणूस सहज राहून जातो, कारण तो ना आरोग्य कर्मचारी असतो, ना महापालिकेच्या आस्थापनेवर असतो. ओळखपत्र नसलेल्या निवाशांसाठी केंद्राने मे २०२१ मध्ये वेगळी कार्यपद्धती काढली होती, तिचा आधार पुढेही मागता येईल. परंतु त्यासाठी निवाऱ्याकडे नावे, अंदाजे वय आणि जुने आजार यांची अद्ययावत यादी तयार हवी. ती करताना कर्मचाऱ्यांची नावेही त्याच यादीत घालावीत, प्रत्येक पाळीसाठी एका बदली काळजीवाहकाचे नाव ठरवून ठेवावे, आणि विलगीकरणातल्या दिवसांचे मानधन कोणत्या लेखाशीर्षातून द्यायचे याचे उत्तर महापालिकेकडून आताच लेखी घ्यावे.